नळीपेक्षा मोठा नमदा

१

कुर्बान-ऐतच्या, म्हणजे बकरी ईदच्या, दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, कुबातच्या गाडीने खिंडीच्या चौथ्या वळणावर मान टाकली. इंजिन बंद पडलं नव्हतं. ते ओरडत होतं, पण गाडी पुढे सरकायला तयार नव्हती. कुबातने दुसरा गिअर टाकला, मग पहिला, पेडल पार तळाला दाबलं. गाढवावरून चाललेला एक मेंढपाळ त्यांना हात करून पुढे निघून गेला. मागच्या सीटवर कुबातची बायको ऐजमाल कळा देत होती आणि तिचे पाय अनारकानच्या मांडीवर होते.

अनारकान म्हणजे गावच्या दवाखान्याची नर्स, दाई, आणि डॉक्टर कुणी टिकतच नाही म्हणून डॉक्टरसुद्धा. बाळ पायाळू आहे हे तिला सकाळीच कळलं होतं, म्हणून तर जिल्ह्याच्या दवाखान्याची घाई. आता जिल्हा राहिला खिंडीपलीकडे आणि बाळ काही थांबायला तयार नव्हतं. अनारकानने बाह्या सरसावल्या आणि गाडीतच मूल मोकळं केलं. निळं पडलेलं पोर, हूं नाही की चूं नाही. तिने त्याच्या इवल्या तोंडात आपला श्वास फुंकला, एकदा, दोनदा, सातदा. आठव्यांदा पोर रडलं, आणि त्याच्यापेक्षा मोठ्याने कुबात रडला.

तेवढ्यात खालून घरघरत ओस्कोनचा जुना ट्रक आला. ओस्कोन गावचा मेकॅनिक. कुणी निरोप दिला नव्हता, बोलावलं नव्हतं. त्याने अंगातला कोट काढून बाळाला गुंडाळलं, गाडीला दोरखंड बांधला आणि सगळ्यांना गावात आणून सोडलं. अनारकान त्याचे उपकार मानत घरी गेली आणि बारा तास झोपली.

उठली तेव्हा गाव ओस्कोनच्या जिवावर उठलं होतं.

२

झालं होतं असं. कुबातचा मामेभाऊ ताबिल्दी सकाळी गाडीखाली शिरला आणि त्याने इंजिनाच्या मागचा, धूर गाळणारा डबा वाजवून पाहिला. डबा पोकळ. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिला महागड्या धातूचा मुलामा असतो, आणि शहराच्या बाजारात ती हातोहात खपते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. डबा कापून, आतलं काढून, पुन्हा झाळून टाकला होता. गावात झाळायचं मशीन एकाकडेच. पंधरा दिवसांपूर्वी गाडी त्याच्याच आवारात एक दिवस उभी होती.

"आणि तो खिंडीत पोचला कसा, न बोलावता?" ताबिल्दी दुकानापुढे हातवारे करून सांगत होता. "गाडी पडणार हे त्याला माहीत होतं म्हणूनच ना? दोन जीव जाता जाता वाचले."

गावचा निवाडा अक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचे म्हातारे करत, आणि त्यांचा म्होरक्या शेयशे. शुक्रवारच्या नमाजानंतर बैठक ठरली. चोरी शाबीत झाली तर ओस्कोनने जागा सोडायची आणि जिथून आला तिथे परत जायचं. ओस्कोन आला होता तलासहून, सात वर्षांपूर्वी, बायकोला माती देऊन, एका पिशवीनिशी. परत जायला त्याला तिथे कुणी नव्हतं.

अनारकान तडक शेयशेकडे गेली. "अक्साकाल, शुक्रवारपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही. चावी तुमच्याकडे ठेवा."

"तू काय करणार गाडीत? तुला सुई टोचता येते तेवढं पुरे."

"ज्या गाडीने माझा पेशंट अर्ध्या वाटेत टाकला, तिच्या दुखण्याची चौकशी मी करणार. मला कारण कळलंच पाहिजे. पुढची बाई पोटाशी घेऊन त्याच गाडीत मलाच बसायचंय."

शेयशेने दाढी कुरवाळली आणि चावी खिशात टाकली.

तिथून ती कॅनमधून पेट्रोल विकणाऱ्या मिर्झाकडे गेली. मिर्झा पेट्रोलात पाणी घालतो असा त्याचा लौकिक. गावातले धाकटे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत. तो म्हणाला, "एजे, त्याच कॅनमधलं पेट्रोल तुमच्या दवाखान्याच्या जनरेटरला घातलंय. जनरेटर बंद पडला का?" पडला नव्हता. उलट ऐतच्या दिवशी लाइट गेली तेव्हा तो चार तास सुरळीत चालला होता. मिर्झाच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्याचं पेट्रोल निर्दोष ठरलं, आणि त्याने या आनंदात तिला चहा पाजला.

ओस्कोन आवारात पिशवी भरत बसला होता.

"आत्तापासून?" अनारकान म्हणाली.

"घाईत काही राहून जातं, एजे."

"पिशवी ठेव. मला मुलाला शिकवतात तसं शिकव. जाळी काढली की गाडीचा जोर जातो का?"

ओस्कोनने पहिल्यांदा मान वर केली. "उलटं आहे. गाडी माणसासारखीच. आत घेते, बाहेर सोडते. जाळी काढली तर बाहेर सोडायची वाट आणखी मोकळी होते. आवाज वाढतो, धूर घाण होतो, पण जोर जात नाही. थोडा वाढलाच तर वाढतो."

"मग गाडीचा जोर गेला कशाने?"

"बाहेर सोडता येईना म्हणून. माझ्याकडे आली तेव्हाच थोडी दमत होती. मी प्लग बदलले, हवेचा फिल्टर झटकला, मला वाटलं तेवढ्याने भागेल. माझी चूक तिथे झाली. त्या दिवशी तुम्ही गावातून गेलात तेव्हा आवाज ऐकला आणि काळजात चर्र झालं. छाती भरलेल्या माणसासारखा आवाज होता. म्हणून ट्रक काढला."

"हे तू त्या म्हाताऱ्यांना का सांगत नाहीस?"

"सांगितलं तर विचारतील, मग जाळी कुणी काढली."

"कुणी काढली?"

ओस्कोनने पुन्हा पिशवीत हात घातला. "ते मला विचारू नका, एजे."

३

म्हणजे ओस्कोनला ठाऊक होतं, आणि तो कुणाला तरी पाठीशी घालत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आणि संन्याशाने गुमान मान पुढे करायची, असला प्रकार अनारकानला मुळीच सहन होत नसे. ती बाळंतिणीला तपासायला म्हणून कुबातच्या घरी गेली.

दार उघडलं कुबातच्या आईने. झुराकान-आपा साठी उलटलेली, पाठ ताठ, तोंड अखंड चालू. नातवाच्या जन्मापासून ती ऐजमालला एकटी सोडून अंगणापलीकडे गेली नव्हती. चाळीस दिवस जाणारही नव्हती.

"ये पोरी, ये. तुझ्या तोंडात साखर पडो. तुझा श्वास माझ्या नातवात आहे, तो मरेपर्यंत तुझा." म्हातारीने तिच्या हातात घोडीच्या दुधाचा वाडगा ठेवला. "पी. आता भरपूर आहे. वसंतात घोड्या पान्हा चोरायला लागल्या होत्या. दूध काढायला बसावं आणि हा माझा लेक ट्रॅक्टरसारखी गाडी ओरडवत दारात यायचा. घोडी दचकली की संपलं, पुढचे दोन तास थेंब देत नाही. सुनेला काय पाजू, येणाऱ्या पाव्हण्याला काय देऊ? आता महिनाभर झाला, गाडी मांजरीसारखी येते. घोड्याही शहाण्या झाल्या."

"गाडी कुणी दुरुस्त केली?"

"देवाने," म्हातारी म्हणाली आणि भाकरी आणायला उठली.

कोपऱ्यात बसलेल्या कुबातचे कान लाल झाले होते. अनारकानने ते पाहिलं आणि बाळाची नाडी बघत बसली.

ऐजमाल उशीवरून हळूच म्हणाली, "एजे, एक सांगू? वर चढताना मला मळमळत होतं ते कळांमुळे नाही. मेंढ्याची मुंडी भाजल्यासारखा वास येत होता."

"सणाचे दिवस आहेत," कुबात पटकन म्हणाला. "घराघरात लोक मुंड्या भाजत होते."

"गावात," अनारकान म्हणाली. "खिंडीत कुणाचं घर आहे?"

अनारकानलाही आठवलं. तो वास तिलाही आला होता, आणि तिनेही सणाच्या नावावर सोडून दिला होता. केस जळाल्याचा वास. गाडीत केस कुठून आले?

४

शुक्रवारी सकाळी शेयशेच्या अंगणात गाडी ढकलत आणली. ओस्कोनला गाडीजवळ यायची बंदी होती, म्हणून तो कुंपणाबाहेर उभा राहिला. गाडीखाली कोण जाणार यावर म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. अनारकानने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला, जुनं पोतं अंथरलं आणि आडवी झाली.

"उभ्या आयुष्यात मी बायकाच तपासल्या," ती खालून म्हणाली. "हिलाही तपासते. कुबात, चालू कर."

इंजिन सुरू झालं. "एजे, मागच्या नळीच्या तोंडाशी तळहात धरा," ओस्कोन कुंपणावरून ओरडला. "कुबात, रेस दे. वारा हाताला ढकलतो का?"

"माझी आजी याच्यापेक्षा जोरात फुंकर मारायची."

"मग कुठे तरी अडलंय. आता बोटाच्या पेरांनी वाजवत जा."

ते तिला शिकवायची गरज नव्हती. छातीत पाणी झालेला माणूस बोटाने वाजवून ओळखायचा असतो, ती तीस वर्षं तेच करत आली होती. गाडी थंड झाल्यावर तिने पुढचा डबा वाजवला. टणटण, रिकामा. मधली नळी, रिकामी. मागचा सायलेन्सर वाजवला आणि ती थांबली. ठप्प. भरलेल्या फुफ्फुसासारखा.

"सायलेन्सरच्या पुढचा जोड सोडा," ओस्कोन म्हणाला. "तेरा नंबरचा पाना. डावीकडे फिरवा. डावीकडे, एजे. ती उजवी."

म्हातारे हसले. दोन बोल्ट सुटले, तिच्या गालावर गंज सांडला. कुबातने पुन्हा गाडी चालू केली आणि अख्खी आळी दणाणली. शेयशेच्या कोंबड्या छपरावर गेल्या. पण गाडी कब्रस्तानाचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये, न थांबता, चढून गेली आणि उतरून आली.

"बघितलंत?" अनारकान उठून बसली. "जाळीचा डबा पोकळ तो पोकळच आहे. तरी गाडीला जोर आला. म्हणजे रोग जाळीत नाही, सायलेन्सरमध्ये आहे. गाडी पडल्याचा बोल ओस्कोनला लावायचं कारण नाही."

ताबिल्दीने करवत आणून सायलेन्सर कापला. आतून जे निघालं ते बघायला सगळे वाकले. भाकरीएवढा, बोटभर जाडीचा, धुराने काळवंडलेला आणि कडेने करपलेला नमदा. लोकरीचा, कसून केलेला नमदा, घरात अंथरतात तसा.

शेयशेने तो हातात घेतला. मग मागच्या नळीच्या तोंडाशी धरला. नळीत जेमतेम तीन बोटं जात होती. नमदा तिच्या तिप्पट रुंद.

"हा या भोकातून आत गेला नाही," तो सावकाश म्हणाला. "मग डबा उघडूनच कुणी तरी घातला. आणि डबा उघडून पुन्हा बंद करणारा गावात एकच आहे."

सगळ्या माना कुंपणाकडे वळल्या. अनारकानने सायलेन्सरच्या सांध्यावरचा जुनाट गंज दाखवला, हा कित्येक वर्षांत उघडलेला नाही म्हणाली, पण कुणी ऐकलं नाही. ती ओस्कोनला वाचवायला गेली होती आणि तिनेच त्याच्या गळ्यात दोर अडकवला होता.

५

नमाजाला दीड तास होता. अनारकान नमदा ओढणीत गुंडाळून निघाली. कुठे ते तिलाही माहीत नव्हतं. पाय आपोआप बाळाकडे वळले.

कुबातच्या अंगणात तीन बायका कामाला लागल्या होत्या. झुराकान-आपा नातवाच्या पाळण्यासाठी नमदा करत होती. पिंजलेली लोकर बोरूच्या चटईवर ढगासारखी पसरलेली. म्हातारीने वरून उकळतं पाणी शिंपडलं, वाफेचा लोट उठला, चटई गुंडाळली, आणि तिघी तिला लाथांनी लोळवत, तुडवत अंगणभर नेऊ लागल्या.

अनारकान दारात खिळली. लहानपणापासून तिने हे शंभरदा पाहिलं होतं, स्वतः केलं होतं. विचार करायची वेळ कधी आली नव्हती. मोकळी लोकर. वाफ. ऊब. आणि हादरे. बाकी नमद्याला लागतं काय?

गाडीच्या धुरात पाण्याची वाफ असते. सायलेन्सर तापतो. आणि गावापासून खिंडीपर्यंतचा रस्ता म्हणजे हादऱ्यांची जत्रा.

नळीतून नमदा आत गेलाच नव्हता. मूठमूठ मोकळी लोकर गेली होती. नमदा गाडीने केला होता.

तिने ओढणी सोडली आणि ती वस्तू म्हातारीच्या पुढ्यात ठेवली. "आपा, हे तुमच्या लेकाच्या गाडीतून निघालं."

झुराकान-आपाने ते उचललं, वास घेतला, दोन बोटांत चुरडून पाहिलं. तिचे हात थांबले. चटई लोळवणाऱ्या बायकाही थांबल्या.

"मोकळी होती," ती म्हणाली, आवाज पार खाली गेलेला. "मी काठीने सात-आठ मुठी सारल्या. दर दोन-चार दिवसांनी एक. आधी तोंडासमोर धरून फुंकर मारून बघितली होती. आरपार वारा जात होता, पोरी. आवाज तेवढा कमी व्हावा, घोड्या दचकू नयेत. सुनेला दूध हवं होतं."

"लेकाला सांगितलं नाहीत?"

"गाडीला हात लावू नको म्हणतो मला." मग ती मटकन खाली बसली. "म्हणजे खिंडीत... माझ्या हाताने..."

आतून बाळ रडायला लागलं आणि ती उठेना.

६

बैठकीत अनारकानने सगळं सांगितलं. लोकर कशी गेली, वाफेने आणि हादऱ्यांनी तिचा नमदा कसा झाला, सणाच्या दिवशी गाडी दिवसभर गावात फिरल्यावर तो आणखी कसा घट्ट झाला आणि खिंडीत पूर्ण जोर लावल्यावर तो कसा करपला. मुंडीचा वास कुठला, तेही सांगितलं. म्हाताऱ्यांच्या घरातही नमदेच होते. त्यांना दुसऱ्यांदा समजवावं लागलं नाही.

"लोकर कुणी घातली?" शेयशेने विचारलं.

"मी." झुराकान-आपा दारात उभी होती. चाळीस दिवस न सोडायचं घर सोडून आली होती.

शेयशे खाकरला. "एक राहिलं. गाडी ओरडायला लागली ती जाळी गेल्यावर. मग जाळी कुणी काढली?"

अनारकान कुबातकडे बघत राहिली. हे तिला बोलायचं नव्हतं, ते त्यानेच बोलायला हवं होतं. कुबातने एकदा आईकडे पाहिलं, एकदा ओस्कोनकडे, आणि उठला.

"मी. मार्चमध्ये शहरात. गाडीला जोर येतो म्हणाले, वर पैसेही देतात म्हणाले. त्यातनं पाळणा घेतला, थंडीसाठी कोळसा घेतला. आईला सांगायची लाज वाटली. ओस्कोनने पंधरा दिवसांपूर्वीच ते ओळखलं. मी त्याचे पाय धरले, आईला सांगू नको म्हणालो. त्याने शब्द पाळला. आणि मी तीन दिवस गप्प बसलो. ज्याने माझ्या पोराला कोटात गुंडाळलं, त्याच्यावर थुंकताना लोकांना बघत बसलो."

तो पुढे येऊन ओस्कोनसमोर गुडघ्यावर बसला. ओस्कोनने त्याला लगेच उठवलं.

"बायके, तू बोलला का नाहीस?" शेयशेने विचारलं. आत्तापर्यंत त्याने ओस्कोनला कधी बायके, म्हणजे थोरला भाऊ, म्हटलं नव्हतं. वयाने तर ओस्कोन वीस वर्षांनी लहान होता.

"सात वर्षांपूर्वी मी या गावात उतरलो तेव्हा पाऊस होता," ओस्कोन म्हणाला. "कोण, कुठला, काही न विचारता झुराकान-आपाने मला आत घेतलं. पाच दिवस जेवू घातलं. सहाव्या दिवशी विचारलं, नाव काय रे तुझं. अशा बाईच्या घरात मी भांडण लावू? गाव सोडायला जीव जात होता माझा. पण ते जास्त जड वाटलं."

झुराकान-आपाने रुमालाचं टोक तोंडाला लावलं. अनारकानने मात्र डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. बाळ रडलं तेव्हाही तिला एवढं भरून आलं नव्हतं.

"दंड काय हवा?" शेयशे म्हणाला. "कुबात देईल."

"सोमवारी बाळ-बाळंतिणीला जिल्ह्याला न्यायचंय. गाडी माझ्याकडे लावा, सायलेन्सर बसवून देतो. हाच दंड."

बैठक संपली की म्होरक्याने दुवा द्यायची, सगळ्यांनी ओंजळ पसरून ती घ्यायची. शेयशेनेच ती द्यायची, आजोबांच्या काळापासून त्याच्या घराकडे तो मान होता. सगळ्यांनी हात पसरले. शेयशेने पसरले नाहीत. तो ओस्कोनकडे वळला.

"तू दे."

ओस्कोनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मी? मी बाहेरचा माणूस, अक्साकाल."

"आज बाहेरचा कुणी उरला असेल तर आम्ही उरलो. दे दुवा."

ओस्कोनने ग्रीसने काळे झालेले हात पुढे केले. ताबिल्दी ओंजळ पसरून सर्वांत पुढे उभा होता, मान खाली.

"तुमच्या घोड्यांना पान्हा राहो," ओस्कोन म्हणाला. "तुमच्या सुना सुखरूप सुटोत. त्या पोराला आमच्या सगळ्यांचं आयुष्य लागो. आणि माझी माती," त्याने शेयशेकडे पाहिलं, "माझी माती याच गावात पडो."

"आमीन," गाव म्हणालं, आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.